तुटक रेषेतली आई

परवा गॅलरीतल्या एका मुलीचा फोन आला. पुढच्या महिन्यात माझ्या चित्रांचं प्रदर्शन लागतंय, इथेच बडोद्यात, आणि तिला माझ्याकडून 'कन्सेप्ट नोट' हवी होती. किती मोठी, तर म्हणे तीनशे शब्द. मी म्हटलं, "अगं, मी जन्मभर पोरांच्या पुस्तकांतली चित्रं काढली. ससा काढला तर तो ससाच असतो. त्यावर तीनशे शब्द काय लिहू, कपाळ?" ती बिचारी हसली आणि म्हणाली, "मॅडम, प्लीज, सगळेच देतात." देत असतील. पण मी ज्या बाईंकडे शिकले त्यांनी आम्हाला एका चित्रासाठी एकच वाक्य लिहायची मुभा दिली होती, आणि तेही चित्राच्या पाठीवर, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं. माझं असं एक वाक्य एकदा पुढे आलं आणि आमच्या घरात आठवडाभर जे काही झालं ते आधी लिहून टाकते. नोटचं मग बघू.

दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. आई, बाबा, दादा आणि मी. आजोबा संस्थानच्या मोजणीखात्यात नकाशे आखत आणि बाबा वाघोडियाच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्राच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढणं हे त्यांचं काम. सरळ रेघ आखणं आमच्या घराण्यात रक्तातच होतं, वाकडी निघाले ती मी एकटी. सकाळी सातला नाक्यावर कंपनीची बस यायची. त्याआधी कुकरच्या शिट्ट्या, दादाचं मोठ्यानं पाठांतर, खालच्या शेव-उसळवाल्याची पातेल्यावर आपटणारी पळी आणि समोरच्या गुजराती काकींचा "केम छो भाभी, पाणी आव्युं?" हा आईला रोजचा प्रश्न, एवढं सगळं ठरलेल्या क्रमानं व्हायचं. रविवारी बाबा घरीच बोर्ड काढून बसत. ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढतानाचा करकर आवाज आला की समजायचं, आज दुपारपर्यंत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मी मात्र त्यांच्या शेजारी बसून बघत असे आणि ते मला बघू देत.

एकदा मी विचारलं, "बाबा, ही रेघ तुटक तुटक का?" ते म्हणाले, "ती कड आहे, पण समोरून दिसत नाही. मागे लपलीय. जे आहे पण दिसत नाही, ते तुटक रेषेनं दाखवायचं. दाखवायचं नाही असं चालत नाही, नाहीतर कामगार तिथं भोक पाडून मोकळा होईल." मग त्यांनी मला ती रेघ मारायला शिकवली. तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर फट, पुन्हा तीन, पुन्हा एक. माझी फट कुठे दोनाची व्हायची की ते काही न बोलता खोडरबर पुढे सरकवायचे.

आणि जेवण. आमच्याकडे स्वयंपाकघरात तीन पाट मांडले जायचे. चौथा भिंतीला टेकवून ठेवलेला, पाहुण्यांसाठी. आई तव्यावरून थेट ताटात पोळी टाकायची, फुगलेली, वाफ बोटाला चटका देणारी. तिच्या आमटीत इतक्या वर्षांच्या बडोद्याचा गोडवा उतरला होता. पुण्याची मावशी आली की पहिल्याच घासाला विचारायची, "ताई, आमटीत गूळ घातलास की गुळात आमटी?" आई म्हणायची, "खा मुकाट्यानं, पुण्याला जाऊन कर तिखट." दही, ताकातली भेंडी, हिवाळ्यात वांग्याचं भरीत, रविवारी खमण. आम्ही तिघं खायचो, हात धुवायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. आई कधी जेवायची, काय जेवायची, हे मला अठरा वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती हे खरं.

बारावी झाली आणि मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. बाबांनी मात्र त्यांच्या साहेबांशी बोलून ठेवलं होतं. "ट्रेसिंग सेक्शनमध्ये हल्ली मुलीही घेतात. तुझा हात स्वच्छ आहे. बसून काम, सावलीत काम." मी फॉर्म भरून मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवला होता. पालकाची सही तेवढी राहिली होती. बाबांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "तरुबेनच्या प्रदर्शनात तुझंही चित्र लागणार ना? ते बघतो. त्यातल्या रेघेला काही काम आहे असं दिसलं तर सही करतो. नुसतंच दिसायला छान असेल, तर एक तारखेपासून माझ्याबरोबर बसमध्ये." बाबा एकदा बोलले की तसंच करायचे. प्रदर्शन रविवारी सुरू होऊन शनिवारी संपणार होतं आणि फॉर्म द्यायची शेवटची तारीख त्यापुढचा सोमवार.

तरुबेन म्हणजे माझ्या गुरू. अकोट्यात एका बैठ्या घरात एकट्या राहायच्या. शाळेच्या पुस्तकांतली चित्रं, लहान मुलांच्या मासिकाची मुखपृष्ठं, लस टोचून घ्या सांगणारी सरकारी पत्रकं, हे सगळं त्या काढायच्या. निम्मा गुजरात त्यांच्या चित्रांवरून 'क' म्हणजे कमळ शिकला असेल, पण रस्त्यात त्यांना कुणी ओळखत नसे. जाड चष्मा, सुती साडी, बोटांना कायम शाई. मी आणि माझी मैत्रीण हेमा, दोघी सायकलवरून विश्वामित्रीचा पूल ओलांडून त्यांच्याकडे जायचो. पुलावर थांबून खाली मगर दिसते का ते बघायचं हा नेम. दिसली तर शिकवणी बरी जाणार, असं आम्ही आपलं ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या ओसरीवर आम्ही सात जण शिकत होतो. "पहेलां विचार, पछी रंग," हे त्यांचं रोजचं. आधी विचार, मग रंग. चित्र काढायच्या आधी चिठ्ठीवर एक वाक्य लिहायचं, हे चित्र काय सांगणार ते. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. 'झाड', 'सूर्यास्त' असलं चालायचं नाही, पूर्ण वाक्य हवं आणि ते आपल्याला ठाऊक असलेलं हवं, ऐकीव नको. तरुबेन ते वाचायच्या, बहुतेक वेळा परत द्यायच्या. पास झालं तर ती चिठ्ठी चित्राच्या पाठीला चिकटवायची आणि ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं नाही. मग चित्र पुरं झालं की जीवीबेनची वाट बघायची.

जीवीबेन डभोईकडची. सकाळच्या गाडीनं भाजी घेऊन यायची आणि दुपारी उरलेली टोपली घेऊन आमच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकायची. अक्षरओळख नाही, पण आमची परीक्षा घेणारी तीच. तरुबेन चित्र तिच्यासमोर धरायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. जीवीबेन बघून म्हणाली, "सरस छे," म्हणजे छान आहे, की आम्ही नापास. हो, नापास. तरुबेनचं म्हणणं असं की छान म्हणून माणूस पुढे जातो, म्हणजे तुम्ही त्याला थांबवलंच नाही. पण चित्र बघून जीवीबेन स्वतःच्या घरचं काही सांगायला लागली, की समजायचं जमलं. हेमानं एक मोठा रिकामा झोपाळा काढला होता. त्यावर जीवीबेननं तिच्या सासऱ्यांची अशी गोष्ट सुरू केली की ऐकता ऐकता तिची भेंडी सुकून गेली आणि ती सगळी तरुबेननी विकत घेतली.

माझी मात्र ओळीनं तीन चित्रं नापास. पहिलं नदीवरच्या संध्याकाळचं, सरस छे. दुसरं मांडवीतल्या गर्दीचं, सरस छे. तिसरं एका रडणाऱ्या म्हातारीचं, आणि तेव्हा तर जीवीबेननं "बहु सरस छे" म्हणून माझ्या गालाला हात लावला. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी तरुबेन म्हणाल्या, "ती म्हातारी कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही. अशीच." "मग जिला तू रोज बघतेस तिला सोडून हिच्यामागे का लागलीस?" त्या मराठी छान बोलायच्या, त्यांचं बालपण आमच्याच मराठी वस्तीत गेलेलं. मी म्हटलं, "रोज बघते अशी कोण?" त्यांनी उत्तर दिलं नाही. शिकवायचं म्हणजे उत्तर द्यायचं नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. माझे विद्यार्थी त्यासाठी माझ्यावर अजून चिडतात.

त्या रविवारी बाबा बोर्डावर तुटक रेघ मारत होते आणि आत आई पोळ्या लाटत होती. जेवायला बसलो. मी मुद्दाम मान वर करून बघायला लागले की आई कुठे आहे. ती माझ्या उजवीकडे होती, मग मागे, मग बाबांच्या ताटावर वाकलेली, मग ओट्याशी. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. हात ताटावर यायचा, पोळी पडायची, हात जायचा. माझा घास हातातच राहिला. मी तशीच उठले, उष्ट्या हातानं चिठ्ठी लिहिली. दादा ओरडला, "अगं, हात तरी धू!" वाक्य असं होतं: 'आमच्या घरात आईला जेवताना कुणी पाहिलेलं नाही.' तरुबेननी ते वाचलं आणि चिठ्ठी परत केली नाही.

चित्र काढायला मला पंधरा दिवस लागले. तीन पाटांवर आम्ही तिघं, भरदार रंगात. पितळेची ताटं, आमटीचा पिवळा, भेंडीचा हिरवा, बाबांचा चेक्सचा शर्ट. भिंतीला टेकवलेला चौथा पाट. आणि मधोमध, वाढायला वाकलेली आई, तिच्यात रंगच नाही. नुसती काळी तुटक रेघ. तीन मिलिमीटर, फट एक. जीवीबेननं टोपली खाली ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, सकाळी मी काय खाल्लं ते आठवत नाहीये, काही खाल्लं होतं का तेच आठवत नाहीये. आणि मग तिनं आमच्याकडे भाकरीचा तुकडा मागितला. माझा जीव भांड्यात पडला.

प्रदर्शन तरुबेनचं होतं, त्यांच्या तीस वर्षांच्या कामाचं. पुढच्या दालनात त्यांची चित्रं आणि मागच्या भिंतीवर आम्हा सात जणांचं एकेक. फ्रेम करायला सगळी चित्रं मगनभाईंकडे दिली. मगनभाई जुने, हाताला काचेची सवय, शब्दाचे पक्के. तरुबेननी त्यांना बजावून सांगितलं होतं, "पाछळ चिठ्ठी छे, ए साचवजो." मागे चिठ्ठी आहे ती जपा. मगनभाईंनी जपली हो! फ्रेमला मागून पुठ्ठा लागतो, चिठ्ठी त्याखाली जाईल, कुणाला दिसणार नाही, मग बाईंनी एवढं जपायला सांगितलं कशाला, असा विचार त्या सज्जन माणसानं केला. त्यांनी साती चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीवर, बरोबर मध्यभागी, काचेच्या आत चिकटवल्या. फ्रेम्स आल्या साडेचारला, पाहुणे पाचला. भिंतीवर टांगून झाल्यावर हेमा किंचाळली, तेव्हा आम्ही बघितलं.

हेमाच्या झोपाळ्याखाली काचेत लिहिलेलं होतं, 'दादा गया पछी बा आ झूला पर बेसती नथी.' आजोबा गेल्यापासून आजी या झोपाळ्यावर बसत नाही. आणि तिची बा दारातून आत येतच होती. एका मुलाच्या चिठ्ठीवर होतं की त्याच्या वडिलांना दुकान आवडत नाही. ते वडील बरोबर दुकानातल्या चार मित्रांना घेऊन आले होते. तरुबेननी कपाळावर हात मारला. "मगनभाई, आ शुं कर्युं?" मगनभाईंचं तोंड एवढंसं झालं. "बेन, तमे ज कह्युं'तुं, साचवजो!" तुम्हीच तर म्हणालात, जपा. काच उघडायला खिळे काढावे लागणार, आणि दिवा लावायला बोलावलेले पाहुणे मोटारीतून उतरत होते. मी तरुबेनना म्हटलं, "माझं उतरवा. काहीही करा पण माझं उतरवा. आई येतेय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वाक्य खरं आहे?" "हो." "मग उभी राहा त्याच्या शेजारी." मी शेजारी नाही, पुढे उभी राहिले. पाठ काचेला टेकवून, चिठ्ठीवर नेमकी कंबर येईल अशी.

आई आली ती हातात चिवड्याचा भलामोठा डबा घेऊन. तरुबेननी सहज म्हटलं होतं, पाहुण्यांना काही द्यायला हवं, तर आई सकाळपासून उभी राहून बटाट्याचा ओला हिरवा चिवडा करत होती, साठ माणसांचा. जरीची निळी साडी, केसांत मोगरा. आठवडाभर ती सगळ्या वस्तीला सांगत होती, आमच्या वसूचं चित्र लागलंय. मागे बाबा, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन्सिल. "अगं, सरक ना जरा," आई म्हणाली, "स्वतःचंच चित्र झाकून काय उभी राहिलीस, बावळटासारखी?" मी सरकले. काय करणार?

तिनं चित्र बघितलं, हसली, दादाचं नाक बरोबर आलंय म्हणाली. मग वाकून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. शेजारी समोरच्या काकी होत्या, त्यांनाही मराठी वाचता यायचं. त्या आईकडे बघून म्हणाल्या, "हाय हाय भाभी, साच्ची वात?" खरंच का हे? आईचा चेहरा लाल झाला. "जेवते की मी! मला काय उपाशी ठेवतात?" हे ती जरा मोठ्यानंच बोलली आणि आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. बाबा मात्र चिठ्ठी न वाचता रेघेशी नाक नेऊन उभे होते. खिशातली पेन्सिल काढून तिच्या टोकानं, काचेला न लावता, ते फटी मोजत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तीन, एक. तीन, एक." मग ते थांबले. "पण चूक आहे. तुटक रेघ लपलेल्या कडेला असते. समोर काहीतरी आडवं आलेलं असतं म्हणून ती दिसत नाही. ही तर सगळ्यात पुढे उभी आहे. हिच्या आड काय आलंय?" त्यांनी चित्रातल्या पाटांकडे बघितलं, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. मग त्यांनी चिठ्ठी वाचली. पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, "हं. आम्हीच की."

आई तोपर्यंत निघून गेली होती. डबा टेबलावर ठेवून, रिक्षा करून, दिवा लागायच्या आधीच. लोकांनी चिवडा खाल्ला आणि छान छान म्हणाले.

घरी मी बाबांना विचारलं, "सही?" ते म्हणाले, "रेघेला काम आहे, माझा शब्द आहे. सही मी करीन. पण चित्र तुझ्या आईचं आहे, आधी ती हो म्हणू दे." आणि आई तर माझ्याशी बोलायलाच तयार नव्हती. "दादा, तिला सांग, पोळी वाढलीय." "दादा, तिला विचार, ताक हवंय का." मी तिथेच, हातभर अंतरावर. दादा बिचारा निरोप्या होऊन थकला. सोमवारी बाबांनी स्वतः उठून चौथा पाट मांडला. आईनं विचारलं, "कुणी येणार आहे का जेवायला?" बाबा म्हणाले, "नाही, तू बस म्हटलं." तिनं पाट उचलला आणि परत भिंतीला टेकवला. "चारचौघांत घरातलं टांगून झालंय, आता देखावे नकोत." मंगळवार, बुधवार, गुरुवार तसेच गेले. मिठाची बरणी रोज उचलली जायची, ठेवली जायची, आणि तिच्याखाली माझा फॉर्म तसाच. शुक्रवारी मी चोरून रडले, आणि मनाशी ठरवलंही, की जाऊ दे, ट्रेसिंग तर ट्रेसिंग. आईला दुखवून काढलेलं चित्र घेऊन मी कॉलेजात काय मिरवणार?

शनिवारी दुपारी चित्रं उतरवायला गेलो. गॅलरीचा रखवालदार तरुबेनना बाजूला घेऊन काहीतरी सांगायला लागला, मग मलाही बोलावलं. बारा वाजता एक बाई आल्या होत्या म्हणे, एकट्याच, हातात डबा. खुर्ची ओढून त्या मागच्या भिंतीवरच्या, ताटं असलेल्या चित्रासमोर बसल्या आणि डबा उघडला. तो धावत गेला, "बेन, अहीं खावानी मनाई छे." इथे खायला मनाई आहे. बाई म्हणाल्या, "भाई, वांची लो, शुं लख्युं छे." काय लिहिलंय ते वाचा. त्याला मराठी येत नव्हतं, तर त्यांनीच गुजरातीत अर्थ सांगितला. रखवालदार आपल्या गुजरातीत पुढे सांगत होता, "मग म्हणाल्या, ती बाई मी. आज तुम्ही बघा, म्हणजे हे खोटं होईल. मी काय करतो? बघत उभा राहिलो. दोन पोळ्या, भाजी, लोणचं. घाई नाही, काही नाही. शेवटी मलाही एक पोळी दिली." तरुबेन चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. म्हणाल्या, "तुझे बाबा सोडले तर आठवडाभरात त्या चित्रापुढे सरस छे न म्हणणारी ही एकटीच."

मी सायकल कशी हाणली ते पुलाला माहीत. मगर होती की नव्हती, बघितलंच नाही. आई खिडकीशी पोथीएवढ्या लहान रेडिओपाशी बसून कोथिंबीर निवडत होती. मी धापा टाकत म्हटलं, "तू गॅलरीत गेली होतीस?" सहा दिवसांत प्रथमच तिनं थेट माझ्याकडे बघून उत्तर दिलं. "गेले होते. का, तिकीट लागतं?" मी तिच्या पायाशी बसले. "आई, चुकलं माझं." "चुकलंच," ती म्हणाली. "तुम्ही तिघं उठता ना, मग मी इथे ताट घेऊन बसते. रेडिओ लावते. तो अर्धा तास मला कुणी हाक मारत नाही, हे आण, ते दे करत नाही. चोवीस तासांत तेवढाच माझा. आमटी मला आवडते तशी वरून कच्चं तेल घालून घेते, लोणच्याचा खार घेते. आणि तू त्याचं रडगाणं करून टांगलंस. तुझ्या चित्रातली बाई बिचारी आहे. मी बिचारी आहे?" मी मान हलवली. नाही. ती बिचारी कधीच नव्हती, मावशीला विचारा. "तुझं वाक्य खरं होतं," आई म्हणाली, "पण अर्धंच. पाहिलं नाही हे तुमचं. जेवत नाही असं कुठे होतं? आणि दुसरं, वाढताना मी डाव्या हातानं पदर धरते. तू हात नुसता लोंबता सोडलायस. अठरा वर्षं समोर वाढतेय, तरी हात चुकला. नीट शिकून घे जाऊन."

मला एक मिनिट कळलंच नाही की ती काय म्हणाली. कळलं तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि निवडलेल्या कोथिंबिरीवर रडले. ती म्हणाली, "ऊठ, भाजी खारट होईल."

त्यानंतर आई आमच्याबरोबर जेवायला लागली असं कुणाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. रविवारी तेवढी बसायची, तीही दोनदा उठून. बाकीचे दिवस तिचा अर्धा तास तिचाच राहिला, फक्त आता त्या वेळात कुणी तिला हाक मारली तर बाबा ओरडायचे. माझ्या ओसरीवर आता दर शनिवारी नऊ जण शिकायला येतात. जीवीबेन नाही, म्हणून पार्सल घेऊन येणाऱ्याला थांबवून चित्र दाखवतो. तो "मस्त छे" म्हणाला की नापास. आणि चिठ्ठी पास करताना मी दरवेळी एक जास्तीचा प्रश्न विचारते: जिच्याबद्दल लिहिलंस, तिला विचारलंस का? गॅलरीतल्या त्या मुलीला मी ते चित्र पाठवतेय, काचेतल्या चिठ्ठीसकट. तीच नोट.

तेव्हाच्या त्या सोमवारी सकाळी, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, मी मिठाची बरणी उचलली. फॉर्मवर पालकाच्या सहीसाठी एकच जागा होती आणि तिथे बाबांची सही होती, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात करायचे तशी, एकेक अक्षर सुटं. तिच्याखाली त्यांनी पट्टी लावून आणखी एक रेघ आखली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, कुठेही फट न सोडता, आणि त्या रेघेवर आईनं आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. कॉलेजातल्या कारकुनानं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "एकच सही पुरे होती, ही दुसरी कुणाची?" मी म्हटलं, "आईची आहे. राहू द्या."